दहावं नाव

आमच्या खैरपाड्यात सायकल चालवणारी बाई एकच, ती मी. भागीबाई, अंगणवाडीची सेविका. तीन पाडे माझ्याकडे आहेत. पोरांना तोलायचा वजनकाटा कॅरिअरला बांधायचा आणि डोंगर उतरायचा, हे माझं दर आठवड्याचं काम. सायकलीला गिअर नाही, मागचा ब्रेक त्याच्या मनात आलं तरच लागतो. तरी बारा वर्षांत पडले ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा चूक म्हशीची होती.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर नाशिकचा अमित पहिल्यांदा आमच्या माळावर आला. सायकल त्याची जाडजूड चाकांची, डोक्यावर भोपळ्याच्या फोडीसारखी टोपी. मला वाटेवरून उतरताना बघून तो थांबला. "मावशी, ही वाट कुठे जाते?"

मी काटा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. खडी कुठे सुटी आहे, कोणत्या वळणावर ब्रेक दाबायचा नाही, उंबरापाशी दोन वाटा फुटतात त्यातली डावी धरायची. उजवी गुरांची, ती करवंदीच्या जाळीत घालते आणि नाल्यात नेऊन सोडते. त्याने वहीत उतरवून घेतलं, माझ्याकडे कोरा चहा प्याला आणि म्हणाला, "तुम्ही तर चालता-बोलता नकाशा आहात." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

वाट कोणी केली ते मात्र त्याने विचारलं नाही. डोंगरात वाटा आपोआप उगवतात असं शहरातल्या माणसांना वाटत असावं.

ही वाट उगवलेली नाही. त्र्याण्णवच्या श्रावणात माझी नणंद शकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दोन दिवस अडली. सुईणीने हात टेकले तेव्हा बांबूला झोळी बांधून तिला पेठच्या दवाखान्यात न्यायला निघाले. तेव्हा खाली उतरायला निव्वळ खडक होता. माणसाला धड उतरता येईना, तिथे झोळी कशी उतरणार? निम्म्यात पोचले आणि शकू गेली, पोटातलं पोरही गेलं. वीस वर्षांची होती. दवाखान्यात पोचली नाही म्हणून दवाखान्याच्या कागदात नाही, आणि गावात मेली नाही म्हणून गावच्या कागदात नाही. पुढे तिच्या नवऱ्याला दाखला हवा होता, तर शकू नावाची बाई मेल्याचं कुठेच लिहिलेलं सापडलं नाही. जन्माचंही नव्हतं. शाळेत ती गेलीच नव्हती.

तिची आई कलाबाई म्हणजे माझी सासू. पाऊस सरल्यावर तिने एक दिवस कुदळ उचलली. म्हणाली, "मी खणते. कुनाला यायचं तं या, नाय तं मी हाय."

आम्ही नऊ जणी गेलो. गडी माणसं द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेलेली. जी उरली होती ती हसली. बाया रस्ता काढताहेत, उद्या एस.टी. आणतील, असं म्हणाली. आम्ही माघापासून चैत्रापर्यंत खणलं. खडकाला वळसा घालून, झोळी आडवी न होता उतरेल अशी वाट काढली. कडेचा एकही ऐन, एकही धावडा तोडला नाही, कारण त्यांच्या मुळांनीच माती धरलेली आहे. झाड गेलं की एका पावसात वाट गेली. जिथे शकूचा जीव गेला त्या वळणावर दगडांचा ढीग आहे. जाणारा-येणारा एक दगड ठेवतो. मीही सायकलवरून उतरून ठेवते. ह्या वाटेला आम्ही शकूची वाट म्हणतो.

आता बघा काय झालं. जानेवारीतला शनिवार, आम्ही बाया पेठहून बाजार करून परत येत होतो. कलाबाई पुढे होती, ती वाटेतच थांबली. समोरच्या ऐनाला पिवळ्या रंगाचा पट्टा होता. पुढच्या धावड्याला पट्टा. त्याच्या पुढच्यालाही. शकूच्या वाटेच्या कडेने झाडामागून झाड, रंग अजून बोटाला लागत होता.

डोंगरातल्या माणसाला झाडावरच्या पट्ट्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पट्टा म्हणजे तोडीचं झाड. पूर्वेच्या डोंगराला लहानपणी असेच पट्टे पाहिलेले, दोन महिन्यांनी तिथे नुसती खोडं होती.

"सोमवारी कुऱ्हाडी येतीन," कलाबाई म्हणाली.

आमचा पोलीस पाटील गेणू, त्याला आधी विचारायला हवं होतं हे आता कळतंय. पण गेणू हा 'बघू' म्हणणारा माणूस, आणि तो बघेपर्यंत झाड आडवं होतं. बाजाराच्या पिशव्या तिथेच ठेवल्या आणि आम्ही कामाला लागलो. त्याच नऊ जणी, फक्त गुडघे म्हातारे झालेले. कोयत्याने रंग खरवडायचा आणि वर शेणमातीचा हात फिरवायचा. दिवस मावळेपर्यंत चौसष्ट झाडं सारवून काढली. वत्सलाबाईने तर खोडावर बोटांच्या रेघाही ओढल्या, अंगणात ओढतात तशा. मी म्हटलं, "अगं, झाडाला कशाला नक्षी?" ती म्हणाली, "हाताला सवय हाय बाय, मी काय करू?"

त्या रात्री मला छान झोप लागली. सरकार असो की ठेकेदार, आमच्या वाटेला हात लावू दिला नाही, असं वाटत होतं.

रविवारी सकाळी माळावर जीपगाड्या आल्या. पलीकडून हल्ली कच्चा रस्ता झालाय, वीस किलोमीटरचा वळसा घालून. गाड्यांवर सायकली, सायकलींबरोबर चाळीसेक पोरं-पोरी, आणि त्यांच्यापुढे अमित. गेणू पाटील नवी टोपी घालून हातात झेंडी धरून उभा! डोंगरातून सायकली पळवायची शर्यत होती. त्याला महिनाभर आधी माहीत होतं. आपल्याला हार घालणार म्हटल्यावर बाकीच्यांना सांगायचं राहून गेलं असेल.

झेंडी हलली, सायकली सुटल्या. मी बघत होते, आणि माझी नजर माळाच्या टोकाच्या झाडावर गेली. एवढं एक झाड आमच्या हातून सुटलं होतं. त्याच्या पिवळ्या पट्ट्यात काल अंधारात न दिसलेला छोटा बाण होता.

ते पट्टे तोडीचे नव्हते. वाट दाखवायचे होते.

मी सायकल काढली आणि ओरडत मागे सुटले, पण कोण ऐकतंय. वाट माहीत असलेला अमित सगळ्यांच्या मागे होता; उंबरापाशी पहिल्याला डावीकडे पट्टा दिसला नाही म्हणून तो रुंद दिसणाऱ्या उजवीकडे गेला, आणि त्याच्यामागे मेंढरांसारखे सगळे. मी पोचले तोवर करवंदीच्या जाळीत सायकलींचा बाजार भरला होता. काटे अंगात, काटे टायरात. आणि खाली नाल्यात स्नेहल नावाची पोरगी पडली होती. पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला. अमित मोबाईल आभाळाकडे धरून रेंज शोधत होता.

नाल्यातून जवळ पडतो तो खालचा डांबरी रस्ता. बायांना घेऊन मागून धावत आलेल्या कलाबाईने घोंगडी मागवली, बांबू मागवला. गडी आमचे दिंडोरीलाच होते. शर्यतीतली चार धडधाकट पोरं पुढे आली, पण झोळी वाहायची तर पावलं एक पडावी लागतात, त्यांची पडेनात. शेवटी आम्हीच खांदा दिला. पुढे मी आणि वत्सलाबाई, मागे दोघी, बाकीच्या बदलीला. डावीकडे वळून शकूच्या वाटेला लागलो.

वाट केली तेव्हा जिला पोचवायचं होतं ती उरली नव्हती. पुढे त्या वाटेने बाळंतिणी उतरल्या, साप चावलेले उतरले, कोणी निम्म्यात मेलं नाही. आज ही पोरगी.

वळणावर आल्यावर ज्यांचे हात मोकळे होते त्यांनी एकेक दगड ठेवला. कण्हता कण्हता स्नेहलने विचारलं, "मावशी, हे काय?"

"माझी पोर," कलाबाई म्हणाली.

स्नेहलने झोळीतून हात बाहेर काढला. "मलाही एक द्या." कलाबाईने दिला, तिने तो ढिगावर टाकला. उरलेल्या वाटेत मी तिला सगळं सांगितलं, चालता चालता, दम लागत होता तरी.

खाली रस्त्यावर, शर्यत संपायची तिथे, वळसा घालून आलेल्या जीपगाड्या होत्या, मांडव होता आणि मांडवात मोठा फलक. मी दहावी शिकलेय, वाचता येतं. डोंगराचं चित्र, त्यावर लाल रेघ आणि अक्षरं: 'मार्ग तीन. सैतानाची उडी. शोध: अमित आणि मित्र.'

ते वाचलं आणि माझ्या मनातली सगळी लाज जळून गेली.

स्नेहलला जीपमध्ये निजवल्यावर अमित आमच्याकडे वळला. "खुणा कोणी पुसल्या? आज कोणी मेलं असतं. मी पेठला तक्रार देणार आहे. नावं सांगा."

जीपमधून खाली आलेला गेणू मध्ये पडला. "सायेब, अडाणी बाया हायेत, जाऊ द्या. भागी, पाया पड सायबाच्या."

"मी नाय पडनार," मी म्हणाले. "त्या पोरीचा पाय आमच्या चुकीनं मोडला, तिची माफी मी मागते. तुमची नाय मागत. वाट तुमाला मी दाखवली, चहा पिऊन गेलात, आन रंग लावताना एका बाईला विचारलं नाय. ह्यो सैतान कोन? शोध तुमी कदी लावला? लिवा नावं. काढा वही."

त्याने खरंच वही काढली. मला वाटतं त्याला आम्ही घाबरू असं वाटलं असावं.

"भागीबाई," मी म्हणाले. वत्सलाबाई पुढे आली, तिने नाव सांगितलं. सावित्रीबाईने सांगितलं. एकेक जण पदर खोचून पुढे येत गेली, नाव सांगून बाजूला होत गेली. शेवटी माझी सासू. "कलाबाई," ती म्हणाली. "आन अजून एक. शकुबाई."

अमितने लिहिलं. दहा नावं झाली. त्याने आम्हाला मोजलं, पुन्हा मोजलं. "नऊच आहात. शकुबाई कोण? तिला बोलवा."

जीपमधून स्नेहल म्हणाली, "अमित, ती वर वळणावर आहे. चौदा वर्षं झाली. तू तिच्यावरूनच सायकल पळवणार होतास."

अमितने वर डोंगराकडे पाहिलं, मग फलकाकडे. मग मान खाली घालून त्याने त्या दहाव्या नावावर पेन टेकवलं, खोडायला.

कलाबाईने त्याचं मनगट धरलं. साठी उलटलेली बाई, पण कुदळ धरलेला हात आहे तो.

"खोडायचं नाय," ती म्हणाली. "माज्या पोरीचं नाव आज पैल्यांदा कुनी कागदावर लिवलंय. आता पेठला जायाचं, तक्रार द्यायची, आन तिच्यावर शिक्का मारून घ्यायचा. मी येते संगती."

आणि ती जीपमध्ये स्नेहलच्या उशाशी जाऊन बसली.