मी शर्यतीचा पट्टा, तो रस्त्याचा

मित्रांनो, आमच्या गॅरेजमध्ये कधी आलात, तर पाने-पकडी टांगलेल्या भिंतीकडे बघा. शेवटच्या खिळ्यावर लाल पट्ट्यांचा एक जुडगा लटकलेला दिसेल. त्यातले दोन पट्टे मधोमध कापलेले आहेत. तो मी. शर्यतीच्या गाडीत चालकाला सीटला बांधून ठेवणारा जुना हार्नेस.

माझा जन्म कारखान्यात झाला. चिवट धागे घट्ट विणून माझी पट्टी तयार झाली आणि शिलाई मशीनवरच्या एका बाईंनी माझी टोके शिवली. त्या प्रत्येक शिवण अंगठ्याच्या नखाने दाबून बघत आणि मनाला पटली नाही तर उसवून पुन्हा घालत. शेजारणी त्यांची थट्टा करायच्या. पण पुढे माझ्यावर वेळ आली, तेव्हा त्यांचा एकही टाका निघाला नाही.

मला सहा टोके आहेत. दोन पट्टे खांद्यांवरून येतात, दोन कमरेवरून आणि दोन मांड्यांमधून. सगळे पोटाशी एका गोल कुलपात अडकतात. ते फिरवले की एकदम सुटतात. मी ज्यांच्या गाडीत बसलो, त्या बाईंना शर्यतीच्या मैदानावर ‘सुसाट’ म्हणत. गॅरेज त्यांच्या वडिलांचे. घरी धाकटी बहीण त्यांना ताई म्हणायची, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई मैदानावर सुसाट असल्या, तरी पट्टे लावताना कधी घाई करत नसत. शेजारच्या गाड्या गुरगुरू लागल्या तरी त्या शांतपणे पुटपुटत, “आधी कंबर, मग खांदे.” कमरेचा पट्टा खाली, हाडांवर बसायला हवा. खांदे आधी आवळले, तर तो सरकून पोटावर येतो. ताईंनी हा क्रम एकदाही चुकवला नाही. मला त्यांचे सगळ्यात जास्त कौतुक वाटे ते याचेच. जिंकणे त्यानंतर.

एका शर्यतीत वळणावर तेल सांडले होते. आमची गाडी घसरली, कठड्यावर आदळली आणि उलटली. वरच्या लोखंडी पिंजऱ्याने छप्पर तोलून धरले, हेल्मेटला जोडलेल्या आधाराने ताईंची मान सांभाळली आणि मी ताईंना सांभाळले. त्या उलट्या लटकत होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. कोपऱ्यात मीही दिसत होतो. खोटे कशाला सांगू, मी फुगून गेलो.

त्यानंतर मला गाडीतून काढले. एवढा धक्का बसलेला पट्टा पुन्हा वापरत नाहीत. धागे आतून ताणलेले असतात आणि बाहेरून ते ओळखू येत नाही. शर्यतीतून बाद झालेला पट्टा कापून टाकायचा, ही बाबांची गॅरेजमधली जुनी रीत. पण ताईंनी मला कापू दिले नाही. स्वच्छ पुसून कपाटात ठेवले. ज्याने जीव वाचवला त्याला कात्री कशी लावायची, असे त्यांनी बाबांना विचारले.

याच सुमारास धाकटीने एक जुनी मोटार घेतली. ती व्यायामोपचार करते. आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांचे आखडलेले हातपाय हलते करते. त्यासाठी तिला रोज मोठ्या रस्त्यावरून ट्रकच्या गर्दीतून जावे लागे. ताईंचा जीव टांगणीला लागला. ज्याने मला राखले तोच हिलाही राखील, असे त्यांच्या मनाने घेतले.

एका सकाळी बाबा सुटे भाग आणायला गेले असताना ताईंनी मला धाकटीच्या गाडीत बसवले. शर्यतीच्या गाडीत माझे खांद्यांचे पट्टे खांद्यांच्या उंचीवरच्या आडव्या दांडीला सरळ मागे बांधलेले असत. इथे तशी दांडी नव्हती. म्हणून ताईंनी ते सीटवरून खाली नेले आणि मागच्या तळाला बोल्टने आवळले. सीटच्या बैठकीला भोक नव्हते, तेव्हा मांड्यांमधले दोन पट्टे गुंडाळून खाली सारले. गाडीचा मूळ पट्टा बाजूला लोंबत राहिला. साधा, काळा, खांद्यावरून कमरेकडे तिरका जाणारा. मी त्याच्याकडे जरा तोऱ्यातच पाहिले.

धाकटी गाडी चालवायला बसली. ताई शेजारी. धाकटी म्हणाली, “ताई, लग्न झाल्यावर सासूबाईंनीसुद्धा मला एवढं बांधून ठेवलं नव्हतं गं.”

पहिल्याच चौकात ट्रक उभा होता. त्याच्या आडून काय येते ते बघायला धाकटी पुढे वाकायला गेली. मी तिला वाकू देईना. मला तेवढेच शिकवले होते. गाडी अंदाजाने पुढे सरकली आणि पलीकडून स्कूटर आली. ब्रेक करकचला. स्कूटरवाले गृहस्थ आम्हाला नाही नाही ते ऐकवून गेले. मग धाकटीने माझे खांद्यांचे पट्टे सैल केले. आता तिला वाकता येत होते, पण सैल झालेला मी कोणालाच धरू शकत नाही. हे ताईंना माझ्याइतकेच ठाऊक होते. त्यांनी गाडी परत वळवायला सांगितली.

गॅरेजमध्ये त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. माझ्या पट्ट्यांवरून बोटे फिरवत त्या पार तळापर्यंत गेल्या. गाडी आदळली असती, तर मी धाकटीचे खांदे खाली दाबले असते आणि सगळा भार तिच्या पाठीच्या कण्यावर आला असता. मांड्यांमधले पट्टे नसल्याने कमरेचा पट्टा पोटावर चढला असता. त्यांनी वर पाहिले. पिंजरा नव्हता, नुसता पत्रा. गाडी उलटून तो खाली आला असता, तर धाकटीला मान खाली घालायलाही मी जागा ठेवली नसती.

“मी हिला जपायला निघाले होते,” ताई हळूच म्हणाल्या, “आणि काय करून बसले.”

त्यांनी माझे बोल्ट काढले, मूळ पट्टा धाकटीच्या अंगावर नीट बसतो ना ते पाहिले आणि भिंतीवरची मोठी कात्री घेतली.

धाकटी म्हणाली, “अगं, इतकं जपलंस त्याला. राहू दे ना.”

“राहू दिला तर उद्या माझ्यासारखीच कोणीतरी मायेपोटी लावून बसेल.”

कात्री चालली. मित्रांनो, मला दुखले नाही. उलट्या गाडीत डगमगल्या नव्हत्या त्या ताई. पण स्वतःची चूक उमगताच तिथल्या तिथे ती कापून टाकायला त्याहून मोठी छाती लागते, असे मला वाटते.

पुढे एका चौकात टेंपो धाकटीच्या गाडीवर आदळला. काळ्या पट्ट्याने तिला धरले, नेमके हवे तेवढेच पुढे जाऊ दिले आणि फुगलेल्या हवेच्या उशीवर अलगद टेकवले. छातीचे एक हाड मोडले, खांद्यावर तिरका निळा वळ उठला. काही आठवड्यांत ती पुन्हा लोकांचे हातपाय हलवायला लागली. जे काम त्या गाडीत मला जमले नसते, ते त्याने गाजावाजा न करता केले. त्याचा फोटो कुठे छापून आला नाही.

नंतर बाबांनी त्या गाडीत नवा पट्टा बसवला. जुना ताईंनी कापला आणि माझ्याच खिळ्यावर टांगला. आता आम्ही शेजारी आहोत. तो फार बोलत नाही. मीही आता तोरा मिरवत नाही.

मित्रांनो, मी शर्यतीच्या गाडीत शोभतो. तिथे पिंजरा असतो, दांडी असते, मानेला आधार असतो. तुमच्या घरच्या गाडीत मला आणू नका. तिथे जो साधा पट्टा आहे, त्याला पीळ पडू देऊ नका, दारात चेमटू देऊ नका, आणि त्याने एकदा मोठा धक्का खाल्ला की त्याला निवृत्त करा.

ताई रोज घरी जाताना आमच्या खिळ्याला हात लावतात आणि आपल्या गाडीत बसतात. दार बंद झाल्यावर इंजिनाच्या आधी बारीकसा ‘खट्’ ऐकू येतो. तो ऐकला की आम्ही दोघेही निर्धास्त होतो.