अख्खा दाणा

“पानी शिंपड वं, झुंबर. जराखं शिंपड. शेंग नरम पडनी का दाना आखा निंघस.”

आई जाऊन कितीतरी उन्हाळे झाले, पण शेंगांना हात लागला की हा आवाज झुंबरबाईच्या कानाशी येऊन बसायचा. सुपात पसाभर शेंगा, त्यावर ओल्या बोटांचं शिंपण, आणि आईचं हळू गुणगुणणं:

दाना दाना निवडस माय, दाना गुलाबी गालना
लेक नांदस परगावले, तिले वानोळा सालना

आई तेवढ्याच शेंगा फोडायची आणि संध्याकाळी त्याच दाण्यांची चटणी व्हायची. झुंबरबाईने यंदा ते पाणी शेतातून आलेल्या शेंगांच्या सगळ्या ढिगावर मारलं.

तिची सारिका धुळ्याला दिलेली. दर दिवाळीनंतर तिच्या सासरी दाण्यांची गोणी जायची. मशीन शेंग फोडतं तसा दाणाही फोडतं. निम्म्या दाण्यांच्या डाळी होतात. नातवाच्या बारशाला सारिकाच्या सासूने, विहीण ताईबाईने, चार बायकांत दाण्यांचं ताट पुढे सरकवत म्हटलं होतं, “आमनी याहीन दाना धाडत नही, भरडा धाडस.” बायका हसल्या. झुंबरबाईही हसली. हसता हसता तिच्या पोटात काहीतरी बसलं ते उठलंच नाही.

म्हणून यंदा, नवरा पुना आणि मुलगा समाधान डिझेल आणायला पारोळ्याला गेले तेव्हा, तिने विहिरीवरून घागरी आणून ढीग भिजवला आणि वर ताडपत्री ओढली. मशीन दुसऱ्या दिवशी यायचं होतं. ते दुसऱ्याच गावात अडकलं आणि आलं पुढच्या आठवड्यात. ताडपत्रीखालून ऊबदार वास आला, पण दाणे निघाले ते असे टंच, अख्खे, की समाधान म्हणाला, “आई, औंदा मशीनले शहानपन सुचनं!” पहिली गोणी धुळ्याला गेली. बाकी माल पारोळ्याच्या नजीरभाईंच्या आडतीवर.

आज दुपारी नजीरभाई स्वतः स्कूटरवर आले. खाटेवर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“आबा, माल परत आला. तपासणीत नापास.”

“काय निंघनं त्यामा?” पुनाने विचारलं.

“अफ्लाटॉक्सिन. बुरशीचं विष. आमच्या तोंडात ते नाव बसेना, पण काळजाखाली लिव्हर असतं ना, तिथं ते बरोबर बसतं म्हणे. लहान पोरांना जास्त वाईट.”

“दाना त मोतीना मायेक व्हता!”

“तेच तर. डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही, भाजल्यानं जात नाही. मीही मुठीत घेऊन वा म्हटलं होतं.” नजीरभाईंनी डोळे चोळले. “शेंगा ओल्या राहिल्या का कुठं? पाणी मारलं होतं?”

“पानी कोन मारी? वरतीन पडनं तेच.” पुनाने आभाळाकडे हात केला. काढणीच्या वेळी पाऊस झाला होता, हे खरंच होतं. “कितीक वरीस लढवाना याना संगे?”

झुंबरबाई रिकाम्या कपबशा गोळा करू लागली.

“तो माल मी गाडून टाकतो,” नजीरभाई उठत म्हणाले. “असला माल घाण्यावर देऊ नका, ढोरांनाही नको, दुधात उतरतं. आणि अक्का, घरात ठेवलेत का? कोणाला दिलेत का?”

पुनाने तिच्याकडे पाहिलं. “धुळ्याले फोन कर.”

“फोनवर कोनले पटी? मीच जाई येस,” ती म्हणाली.

एसटीच्या खिडकीशी बसून तिने मनाशी पावसाचीच सबब घोळवली. पाऊस सोपा होता. पावसाला सासर नव्हतं, माहेर नव्हतं, कोणी त्याला हसणार नव्हतं. कापसाची शेतं मागे पळत होती आणि तिला वाटत होतं, ही गाडी अशीच चालत राहावी, कुठे थांबूच नये.

दारात ताईबाईच उभी. “या, याहीनबाई, या! औंदा काय दाना धाडा तुम्ही! एक फुटका नही. सारी गल्लीले दखाडा मी.”

इतकी वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते, ते हे. झुंबरबाई ओट्यावर बसली. आत सारिका परातीत लाडू वळत होती. भाजलेल्या दाण्यांचा वास घरभर होता. भिंतीला धरून उभा राहिलेला नातू तोंड उघडून वाट बघत होता.

“ते दाने खाऊ नका,” ती म्हणाली. “पाऊसमा भिजेल शेतस. नजीरभाईना माल परत उना. बुरशीनं विष शे म्हने.”

ताईबाई खळखळून हसली. “भिजेल दाना असा टंच र्‍हास का? खरं सांगा, भाव वाढना का काय? गोनी परत नेवानी शे ना?”

“नही वं याहीन…”

“मंग बसा नं. च्या पी ल्या.” तिने परातीतला लाडू उचलून नातवाच्या हातात दिला. “खा रे बाबा, आजीना दाना शे.”

“माय, काय व्हयनं?” सारिकाने आईचा चेहरा पाहून विचारलं.

झुंबरबाईने उठून आत जाऊन नातवाची मूठ उघडली आणि लाडू काढून घेतला. पोराने भोकाड पसरलं. ताईबाईचं हसू थांबलं.

“मी पानी मारं,” झुंबरबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच दमलेला वाटला. “ढिगावर. घागरी भरीभरी. तुम्ही चार बायास्मा भरडा म्हनात, म्हनीसन. एक दाना फुटाले नको, म्हनीसन ओल्या शेंगा झाकी ठेव्यात. घरमा कोनले माहीत नही, पोरीना बापलेबी नही. पाऊसना काही दोष नही, ताईबाई. मी करं ते.”