आणखी काय आणू, बाई?

“गुजरातीण असली तं, ‘बीजुं कांई आपुं, शेठाणी?’ मडम असली तं, ‘एनिथिंग मोर, मॅडम?’ पंजाबीण असली तं, ‘और कुछ लाऊँ, बाई?’ आन् आपली असली तं, ‘आणखी काय आणू, बाई?’”

धाकलूने डाव्या हातावर पंचा टाकून कमरेत लवून दाखवलं आणि ओट्यावरची मंडळी हसून लोळली. शिमग्याला तो पंधरा दिवस गावी आला की रोज संध्याकाळी हा खेळ ठरलेला. पळसदरीच्या अलीकडच्या त्या वाडीतली आणखी चार माणसं मुंबईला होती, पण ती गिरणीत नाहीतर गोदीत. हॉटेलात, आणि तेही फॅमिली रूमवर, धाकलू एकटाच.

फॅमिली रूम म्हणजे हॉटेलाच्या मागच्या अंगाला लाकडी फळ्या ठोकून केलेल्या चार खोल्या. दाराला पडदा, आत संगमरवरी टेबल. बायकामाणसं घेऊन येणारी गिऱ्हाइकं तिथे बसायची. बाहेरचे वेटर कपबशा आदळत, आरडाओरडा करत. इथे ते चालत नसे. म्हणून मालकाने धाकलूला निवडलं होतं. त्याचा आवाज मऊ, नजर खाली, आणि समोरच्याच्या बशीतलं काय संपत आलंय ते त्याला मागण्याआधी कळायचं.

“मालकाचा कायदा लई कडक,” तो सांगत होता. “गावाकडचं माणूस आलं तं वळख दावायची नाय. आमच्या हाटेलातल्या कमळ्यानं चुलत्याला फुकट चा पाजला. त्याच सांजंला कमळ्याचं बोचकं रस्त्यावर!”

आत चुलीपुढे त्याची बायको चंद्राबाई हे सगळं ऐकत होती. मंडळी पांगली, तसा धाकलू आत येऊन पाटावर बसला. तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. त्याने एक घास घेतला.

“मीठ.”

तेवढंच. बावीस वर्षांच्या संसारात जेवताना नवऱ्याने उच्चारलेले शब्द तिने मोजले असते तर ते तीन भरले असते: मीठ, पाणी आणि बस. चार भाषांत बोलणाऱ्या माणसाचं घरी तीन शब्दांत भागत होतं. ती मिठाचं मडकं घ्यायला उठली. मडक्यातलं मीठ दगडासारखं घट्ट झालं होतं, ते उकरेपर्यंत जरा वेळ लागला, आणि तेवढ्यात ताट भिंतीवर जाऊन आदळलं. मातीच्या भिंतीला खळगा पडला आणि कालवणाचा ओघळ खालपर्यंत आला. तिने ताट उचललं, भिंत पुसली, दुसरं ताट वाढलं. मग तो जेवून उठल्यावर कालवणाच्या मडक्याच्या बुडाशी राहिलेलं खरवडून स्वतः जेवली.

आता कुणी म्हणेल, त्यात काय मोठंसं? वाडीतल्या कुठल्या बाईला नवरा विचारत होता, तू जेवलीस का म्हणून? अगदी खरं आहे. पण त्यांच्या नवऱ्यांना विचारताच येत नव्हतं. हिच्या नवऱ्याला येत होतं. हेच तर दुखणं होतं. आणि म्हणूनच तिच्या मनाने एक खूळ घेतलं होतं: एकदा, मरायच्या आधी एकदा तरी, या माणसाने आपल्याला विचारावं.

दुसऱ्या महायुद्धाचं दुसरं वर्ष लागलं होतं. वैशाखात तिची आई आनंदीबाई परळच्या इस्पितळात होती. खालापूरहून तिचा भाऊ येसाजी निघाला, तशी तीही कर्जतला गाडीत बसली. आईला भेटून बाहेर पडल्यावर येसाजी म्हणाला, “ताय, आलोच हाय तं दाजींचं हाटेल बघू. पण फुकट खायाचं नाय हां! त्यांची नोकरी जायाची.”

गल्ल्यावर मालक बसला होता. येसाजीबरोबर बाईमाणूस पाहून त्याने मागच्या अंगाला बोट दाखवलं. चंद्राबाई जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसली. टेबलाचा दगड थंडगार होता. शेजारच्या खोलीतून गुजराती बोलणं ऐकू येत होतं, पलीकडे कुणी पारशीण मोठ्याने हसत होती. अवघी दुनिया इथे जेवायला येत होती आणि तिचा नवरा त्या दुनियेला विचारत होता.

पडदा सरकला. पांढरा कोट, हातावर स्वच्छ फडकं. धाकलूने तिला पाहिलं. क्षणभर त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. पडद्याच्या फटीतून गल्ला दिसत होता. त्याने नजर खाली घातली, टेबल पुसलं आणि मऊ आवाजात, शुद्ध भाषेत विचारलं,

“काय आणू, बाई?”

येसाजीनेच पुरीभाजी सांगितली. धाकलूने बशा आणल्या त्या आवाज न करता मांडल्या. पाण्याचा पेला तिच्या उजव्या हाताला ठेवला. जाता जाता वळून म्हणाला, “भाजीत मीठ कमी वाटलं तर सांगा, बाई. बदलून आणतो.”

तिने भाजीचा घास घेतला. मीठ कमी होतं की जास्त, तिला काही कळलं नाही.

“आणखी काय आणू, बाई?”

“पुरी आणा,” ती म्हणाली. पुरी आली. “पाणी आणा.” पाणी आलं. “चटणी आणा.” चटणीही आली. हातातून चमचा खाली पडला, तर तो वाकला, चमचा उचलला आणि दुसरा घेऊन आला.

“अगं, उतरतंय का तुज्या घशाखाली?” येसाजी कुजबुजला. “बशीत तीन पुऱ्या तशाच हायत.”

“राहू दे रं,” चंद्राबाई म्हणाली. “इचारतायत ते.”

परतीच्या गाडीत येसाजी हसत होता. “दाजी पक्का हां! इक्ती बी वळख दावली नाय.”

चंद्राबाई खिडकीबाहेर बघत होती. ओळख दाखवली असती तर विचारलं नसतं, एवढं तिला कळून चुकलं होतं. तरी तिला वाईट वाटत नव्हतं. कसंही असो, एकदा कानावर पडलं होतं. आता घरी पडायला काय हरकत आहे?

गणपतीला धाकलू गावी आला. पहिल्याच दिवशी त्याचं ताट वाढून झाल्यावर ती भिंतीशी उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “अवं, तितं कसं इचारत व्हतात... तसं येकदा घरात इचारा की.”

“काय?”

“आणखी काय आणू, म्हणून.”

धाकलू घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला. “तितं इचारायचा पगार भेटतो मला. तू काय देतीस?”

हेही एक वेळ तिने गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर त्याने चार भाषांचा खेळ केला आणि शेवटी पदर घेतल्यासारखा पंचा डोक्यावर ओढून म्हणाला, “आन् आमची चंद्री फॅमिली रूममदी! ‘पुरी आणा. पाणी आणा. चटणी आणा!’” मंडळी नेहमीपेक्षा जास्त हसली. चंद्राबाईने चुलीतला जाळ उगाच वाढवला आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसले. त्यानंतर तो ओट्यावर बोलायला लागला की ती आतलं दार ओढून घ्यायची. पुन्हा तिने कधी काही मागितलं नाही.

स्वातंत्र्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मालकाने हॉटेल विकलं. नव्या मालकाला तरणे वेटर हवे होते. धाकलूचे पाय पंचवीस वर्षं उभं राहून सुजले होते, पिंढऱ्यांवर शिरांच्या गाठी आल्या होत्या. तो कायमचा वाडीत आला आणि ओट्यावर बसला. खेळ बघायला आता कुणी येत नव्हतं. वाडीतल्या पोरांनी मुंबईची हॉटेलं स्वतःच पाहिली होती. आत पाटावर मात्र तेच तीन शब्द चालू राहिले.

त्या भादव्यात चंद्राबाईला हिवताप आला. लेक ठमी नेरळला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले, तिला बोलवायची सोय नव्हती. दोन दिवस धाकलूला शेजारच्या कोंडीने भाकरी दिली. तिसऱ्या दिवशी कोंडीही अंथरुणाला खिळली.

दुपारी चंद्राबाईला चुलीचा वास आला. तिने डोळे उघडले तर दारातून धाकलू येत होता, सुजलेले पाय ओढत, हातात वाफेचा वाडगा. त्याने पेज केली होती. वाडगा त्याने तिच्या उजव्या हाताला ठेवला. मांडला म्हणायला हवं, कारण जराही आवाज झाला नाही. मग दोन पावलं मागे सरून तो दाराशी उभा राहिला. पंचा डाव्या हातावर होता आणि नजर खाली.

चंद्राबाई कशीबशी उठून बसली, वाडगा तोंडाला लावला.

पेजेत मीठ नव्हतं.

तिने वर पाहिलं. नुसतं विचारायचं होतं. लाखभर लोकांना विचारलं होतं त्याने. बशीत काय कमी आहे हे या माणसाला मागण्याआधी कळत असे. धाकलूचे ओठ हलले, अगदी खरंच हलले. ती वाडगा हातात धरून थांबली.

“बगतीस काय? पी,” तो म्हणाला.

ती प्याली. मीठ तिने मागितलं नाही. थेंब न ठेवता सगळी पेज संपवली आणि वाडगा खाली ठेवला.

धाकलूने पुढे येऊन वाडगा उचलला. सवयीने हातावरचा ओलसर पंचा घेतला आणि वाडगा होता तेवढी जमीन, शेणाने सारवलेली, टेबल पुसावं तशी पुसून घेतली. मग पाय ओढत तो बाहेर गेला.

पुसलेली जागा ओली दिसत होती. ती वाळेपर्यंत चंद्राबाई तिच्याकडे बघत राहिली, आणि मग भिंतीकडे तोंड करून निजली.