थांबणारा आकडा

सुनेला कशाचाच दम नाही, ही सासूबाईंची जुनीच तक्रार. सूत रंगवायच्या कारखान्यात तिने कॅल्क्युलेटरमध्ये भरलेला प्रोग्रामही तसाच. सुताचं वजन घातलं की लाल, पिवळा, निळा किती घ्यायचा ते आकडे क्षणभर दिसत आणि पळत. आज सासूबाई चष्मा सावरेपर्यंत लालचा आकडा गेला. त्यांनी पिवळ्याचाच आकडा लालचा समजून तेवढा लाल तोलला आणि कढईभर रंग नासला.

"बसवा मला घरी! म्हातारीला दिसत नाही म्हणा!" त्या कडाडल्या, पण तोलायचं काम जाणार या धास्तीने तराजू घट्ट धरून होत्या.

"चूक माझी, आई. मी आकडा नुसता रेंगाळत ठेवला होता, थांबवला नव्हता."

सुनेने प्रोग्राममध्ये प्रत्येक आकड्याशी थांबायची आज्ञा घातली. आता लालचा आकडा हलेचना. सासूबाईंनी सावकाश तोललं, चष्मा पुसून पुन्हा ताडून पाहिलं, मगच बटण दाबलं. तेव्हा कुठे पिवळा आला. नवी कढई हवी तशी उतरली.

"मोठ्या माणसांपुढे थांबायचं वळण लावलंस त्याला, बरं केलंस," त्या सुनेला म्हणाल्या. "उद्याचा रंगही मीच तोलणार. तू शेजारी उभी राहा आणि शीक."