मागच्या अंगणातला कठडा

निवृत्तीनंतर दौलतरावांनी मागच्या अंगणात बसायची जागा करायला घेतली, तेव्हा चंद्रभागाबाईंना आनंदच झाला. आदिलाबादजवळच्या जैनथ गावातल्या त्या घराला सावलीत टेकायला धड जागा नव्हती. पत्र्याखाली दोन खुर्च्या, झोपाळा, कडेला मोगरा, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

पण दौलतरावांचा बेत निराळाच होता. "हलणारं काई नोको," म्हणत त्यांनी झोपाळ्याची कल्पना मोडीत काढली. पायरी फोडून उतार करायला सांगितला. खुर्च्यांऐवजी एक पक्का बाक, खोलीच्या दारापासून त्या बाकापर्यंत कमरेएवढा लोखंडी कठडा आणि बसल्या जागी हात पोचेल असा नळ.

"एवढ्याशा अंगणात कठडा काऊन?" बाईंनी विचारलं.

"म्हातारपणाची सोय," एवढं बोलून ते उठले.

बाईंना ते पटलं नाही. बासष्टीचा धडधाकट माणूस आतापासून कठडा कशाला मागेल? त्यात दर बुधवारी ते एकटेच आदिलाबादला जायचे. पेन्शनचं काम, म्हणायचे. कागद मात्र कधी दाखवले नाहीत. फोन आला की बाहेर जाऊन हळू बोलायचे.

एका दुपारी कपडे वाळत घालताना बाईंच्या कानावर दौलतरावांचं फोनवरचं बोलणं पडलं, "चंद्रभागेले अजून सांगतलं नाई, दादा. जागा तयार होऊ दे आधी."

दादा म्हणजे आदिलाबादला राहणारा थोरला दीर, राजकुमार. लकव्यानं त्याचा पाय गेला होता आणि सुनेशी पटत नव्हतं. उतार, कठडा, हाताशी नळ. बाईंच्या डोक्यात सगळं एका ओळीत बसलं. याच दीरानं लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात दोघांना भांड्यांसकट घराबाहेर काढलं होतं.

संध्याकाळी मिस्त्री गेल्यावर त्यांनी विचारलंच. "दादाले इथं आणून राह्यले ना तुमी?"

दौलतराव म्हणाले, "दादासाठी नाई. माह्यासाठी आहे हे."

"खोटं नोका बोलू."

"काचबिंदू आहे मले. बाजूचं दिसतच नाई आता. डॉक्टर म्हणते, उशीर झाला. पुढं पूर्ण अंधार आला तर निदान बाकापर्यंत कोणाचा हात न धरता यावं, म्हणून."

बाई म्हणाल्या, "ज्यानं आपल्याले घराबाहेर काढलं, त्याले सांगतलं. मले नाई."

"दादा ऐकून रडणार नव्हता."

बाईही रडल्या नाहीत. बुधवारी पिशवीत आधार कार्ड टाकून त्या नवऱ्याच्या आधी बसथांब्यावर उभ्या होत्या. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरला आठ प्रश्न विचारले. गेलेली नजर परत येणार नाही, पण थेंब वेळेवर घातले तर उरलेली पुष्कळ वर्षं टिकू शकेल, हे त्यांनी दोनदा वदवून घेतलं.

घरी येताच त्यांनी मिस्त्रीला गाठलं.

"भारतभाऊ, बाक हात-दीड हात लांब करा. आमी दोघं बसणार हाव."