झाकलेल्या खुणा

आयलीने वेलचीचा गोड पाव केला होता, लोणी अगदी सढळ हाताने घालून. मनात अपराधाची टोचणी असली की माणसाचा हात असा सैल सुटतो. पाव फडक्यात गुंडाळून ती शेजारी रेनोकडे गेली, तेव्हा त्याची मुलगी पॅटी खोकी भरत होती.

"ये मावशी. बाबांना मिलवॉकीला माझ्या घरी घेऊन चाललेय. आता इथे एकटं नाही ठेवायचं त्यांना."

रेनो खिडकीशी कॉफी घेऊन बसला होता. पार्कच्या जंगलातल्या तळ्याभोवतीच्या पायवाटेवर त्याचे बुटांचे किती जोड झिजले असतील, कोण जाणे. त्याच वाटेवर गेल्या आठवड्यात तो धुक्यात चुकला आणि दलदलीत शिरला. संध्याकाळी सापडला, तेव्हा एका पायात बूट नव्हता.

"फाट्यावर खुणाच नव्हत्या गं," तो आयलीला म्हणाला. "वादळात झाडं पडल्यापासून ती जागा ओळखू येत नाही. किती शोधल्या, एकही दिसली नाही."

"बाबा, पार्कचा माणूस दुसऱ्या दिवशी बघून आला ना? झाडांवरचे तिन्ही निळे पट्टे जागच्या जागी होते."

"होते म्हणे," रेनो पुटपुटला. "म्हणजे डोकंच गेलं माझं."

आयलीने हातातला पाव टेबलावर ठेवला. त्या फाट्यावरच्या झाडांना निळ्या खुणा रंगवायचं काम तिचंच. तिथून वर गेलं की टेकडीमागे तिची ब्लूबेरी वेचायची जागा. त्या मुलखातल्या बायका एक वेळ नवरा उसना देतील, पण बेरीची जागा सांगणार नाहीत. यंदा बादल्या घेतलेले शहरी लोक तिकडे वळताना दिसले आणि तिची मती फिरली. खुणांवर तिने सालीच्या रंगाची चिकटपट्टी लावली. बेरी संपेपर्यंतच, असं मनाशी म्हणत. खूण दिसली नाही की लोक मागे फिरतील, असं तिने धरलं होतं.

रेनो सापडला त्या रात्री ती देवाचे आभार मानत रडली, आणि उजाडताच जाऊन चिकटपट्ट्या सोलून आली. पार्कचा माणूस त्यानंतर पोचला. ती गप्प बसली, तर हे कुणाला कधीच कळणार नव्हतं.

रेनोने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि न मागताच पॅटीपुढे धरली.

"घेऊ नकोस," आयली म्हणाली. "खुणा झाकलेल्या होत्या. मी झाकल्या होत्या." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"बेरीसाठी?" पॅटी किंचाळली. "मावशी, मेले असते ना बाबा!"

"हो."

आता रेनो शिव्या घालेल म्हणून आयली मान खाली घालून उभी राहिली. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने नुसता तिचा हात धरला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "हिला नीट ऐकू दे."

तिने पुन्हा सांगितलं. रेनोचे डोळे वाहत होते आणि तो हसत होता.

"आठवडाभर रोज उठल्या उठल्या हिच्या आईचं नाव म्हणून बघतोय गं मी. विसरलो तर नाही ना, म्हणून."