त्रेचाळिसावं पान

विद्यापीठाच्या सात नंबरच्या खिडकीत एकोणतीस वर्षं बसलेल्या कारकुनाला सगळे टाचणीकाका म्हणत. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या मुलांची क्रेडिट्स, म्हणजे तिथे पास झालेल्या विषयांचे गुणांक, इथे जमा करून घ्यायची, हे त्यांचं काम. कोपरे जुळलेले, पानांवर आकडे, डावीकडे टाचणी. नाही तर फाईल परत. एकाच बाबतीत काका मऊ होते. कुणाचं गुणपत्रक यायचं राहिलं असलं, की खिडकीतून मान बाहेर काढून सांगत, "थांबू नका हो! आहे ते देऊन टाका, उरलेलं मागून आणा. तारीख कुणाच्या बापासाठी थांबत नाही."

यंदा त्यांच्या स्वतःच्या लेकीची फाईल होती.

दुसऱ्या विद्यापीठात दोन वर्षं शिकून तिने कॉलेज सोडलं होतं. आई अंथरुणाला खिळली आणि काकाच म्हणाले, "बाळ, मला एकट्याला नाही गं जमायचं." तीन वर्षं आईचं सगळं करता करता गेली, मग आईही गेली. क्रेडिट्स पहिल्या प्रवेशापासून पाच वर्षं टिकतात, पुढे त्यांची रद्दी. यंदा अर्ज गेला तर लेक थेट तिसऱ्या वर्षाला. नाही तर पुन्हा पहिल्यापासून. "पहिल्यापासून आता माझ्याच्याने नाही होणार, बाबा," हे तिने आधीच सांगून टाकलं होतं.

काकांनी जीव ओतून फाईल लावली. बेचाळीस पानं झाली. त्रेचाळिसावं, प्रयोगशाळेच्या परीक्षेचं गुणपत्रक, जुन्या कॉलेजातून टपालाने यायचं होतं. तशीच दिली असती तर वर लाल शाईत 'अपूर्ण' असा शेरा पडला असता, इतकंच. असले हजार शेरे काकांनी स्वतः मारले होते आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण आपल्या लेकीच्या नावावर लाल शाई? छे! फाईल त्यांनी खणात ठेवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "काका, द्या ना आता. मी कॉम्प्युटरवर चढवते."

"टपाल येऊ दे."

पावणेपाचला ते खाली टपालाच्या खोलीत गेले, सगळे गठ्ठे स्वतः उपसले. वर आले तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती आणि कॉम्प्युटर अर्ज घेत नव्हता. विभागाच्या साहेबांनी हात जोडले. "काका, नियम तुम्हीच शिकवलेत मला."

गुणपत्रक दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. पहिला वर्ग होता.

संध्याकाळी काकांनी स्वयंपाकघरात फाईल आणि गुणपत्रक लेकीपुढे ठेवून तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

"खणात होती? तुमच्याच?"

"हो."

"किती दिवस?"

"एकोणीस."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती ओटा पुसून खुर्चीवर बसली आणि एकेक पान उलटू लागली. एकेचाळिसाव्या पानावर कॉलेज सोडण्याचा अर्ज होता. 'आईच्या आजारपणामुळे', काकांच्याच सुबक अक्षरात. त्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"बाळ, काहीतरी बोल गं."

तिने त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं, गुणपत्रकाच्या कोपऱ्यात त्रेचाळीस लिहिलं, कोपरे जुळवले, डावीकडे टाचणी लावली आणि फाईल त्यांच्यापुढे सरकवली.

"घ्या, बाबा. झाली पूर्ण."